सफरचंदाची चौकट

हजार तुकडे जुळले यात माझं कौतुक नाही.
यंत्राने कापलेले ते, जुळणारच होते कधीतरी.
मी फक्त मे ते ऑगस्ट
स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल अडवलं
आणि माझा भाऊ हेडली उरलेल्या अर्ध्यावर
कोपरं अंगाशी घेऊन जेवला,
कुरकुर न करता.
म्हणजे केली, पण मांजरापाशी.

चित्र कुठल्याशा डोंगराळ देशातलं.
तळं, तळ्याकाठी किल्ला,
पाण्यात पुन्हा तोच, डोक्यावर उभा.
सिग्नेटच्या चर्चमधल्या जुन्या बाजारात दोन डॉलरला मिळालं.
खोक्यावर पेनाने लिहिलेलं: 'सगळे आहेत. मोजलेत.'
त्या अनोळखी अक्षरावर मी अख्खा हिवाळा विसंबले.
त्याने फसवलं नाही.

जुळलं की मोडायचं, खोक्यात भरायचं, परत द्यायचं,
रीत अशी.
हेडली बराच वेळ उभा राहिला, म्हणाला,
'चौकट करू याला.'
आमच्या भिंतीवर तोवर कॅलेंडरखेरीज काही लागलेलं नव्हतं.

शेडमध्ये, वर आडव्या वाशांवर, एक खोड होतं.
ज्या वर्षी सरकार झाडं उपटायचे पैसे देत होतं
आणि बाबांनी ते घेतले
(अठराशे झाडं, नऊ दिवस, भाड्याचा एक बुलडोझर)
त्या वर्षी हेडलीने ते लपवलं,
चोरीचा माल लपवावा तसं.
बावीस वर्षांचा होता.
पन्नास वर्षं त्याने त्याला हात लावला नाही,
मीही कधी विचारलं नाही.

आधी पाठ.
वर फळी, खाली फळी, मध्ये किल्ला,
चार हातांनी घट्ट धरून एक, दोन,
तीन म्हणायच्या आत त्याने उलटवलं.
लहानपणापासून असाच.
वरची फळी काढली तर
ना तळं, ना आकाश.
करडा पुठ्ठा, आणि त्यावर नुसत्या वळणदार भेगा,
ओहोटीनंतर ह्युऑनच्या काठाला पडतात तशा.
मला ही बाजू जास्त आवडली. बोलले नाही.
बाद झालेल्या बँक कार्डाने सरस पसरला
मधून कडेकडे,
मग पाठीला प्लायवूड, आणि वजनाला बाबांच्या बागेच्या हिशेबवह्या,
सतराच्या सतरा.
रात्रभर त्यांनी काहीतरी धरून ठेवलं, एकदाचं.

मग लाकूड.
रंध्याखाली ते गुलाबी निघालं, मांसासारखं.
फळाचा वास आला असं लिहायचा मोह होतो.
नाही आला. करवतीच्या तेलाचा आला.
आणि सफरचंद कधी सरळ वाढत नाही,
कापल्यावरही वाऱ्याकडे पाठ वळवू बघतं.

चारच तुकडे. पंचेचाळीस अंशांत आठ टोकं.
तीन कोपरे मिटले, चौथ्यात नख जाईल एवढी फट.
त्याने पुन्हा कापलं. ती मिटली, शेजारची उघडली.
पुन्हा गुण्या, पुन्हा करवत.
शेवटी मी म्हटलं, 'हेडली, अजून दोनदा कापलंस
तर किल्ल्याचा बुरूज पाडावा लागेल.'
तो तिथेच भुश्यात बसला आणि हसला,
खोकला येईपर्यंत हसला.
हजार जुळले, चार जुळेनात.

त्याच भुश्यात सरस कालवून
त्याने फट बुजवली, अंगठ्याने.
सुकल्यावर ती रेघ लाकडापेक्षा गडद झाली.
आता लपवायची म्हटलं तरी लपणार नाही.

पाहुणे येतात, किल्ल्यापुढे थांबतात,
'हे कुठलं?' विचारतात. आम्हाला ठाऊक नाही.
हेडली जाता-येता त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवतो,
कळी आली का बघावं तसा.

रिकामं खोकं मी चर्चला परत दिलं.
'सगळे आहेत' च्या खाली लिहिलं: 'भिंतीवर.'

टेबल मोकळं आहे आता.
तो अजून त्याच अर्ध्यावर जेवतो.